नळापाशी ऐकलेली धून

"तबकड्यांना खोली आणि बहिणीला पडवी! वा रे न्याय!"

"पडवीला दार बसवून देतो म्हटलं ना मी."

"खुराड्यालाही दार असतं, शिऱ्या."

एकदा एक संग्राहक आणि त्याची थोरली बहीण यांचा वाद असा ऐन रंगात आला असता, संग्राहकाची वृद्ध गुरू ओट्याच्या पायऱ्या चढून दाराशी येऊन उभी राहिली. दोघांपैकी एकालाही ती दिसली नाही. भांडणारा मनुष्य समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो आणि मनात आपले पुढचे वाक्य जुळवतो. दाराकडे पाहायला त्याला सवड कुठली?

भांडण एका खोलीवरून होते. घर लहान. पुढे ओटा आणि पडवी, मागे स्वयंपाकघर, आणि मधोमध ही एकच ऐसपैस खोली. ती खोली संगीताच्या तबकड्यांनी व्यापलेली होती. संग्राहक स्वतः स्वयंपाकघराशेजारच्या बोळकांडीत पथारी टाकून झोपे. बहीण आदल्या दिवशी एस.टी.ने आली होती, वळकटी आणि मोठी पिशवी घेऊन, आणि आता मी इथेच राहणार म्हणत होती.

"तिकडे तुझं स्वतःचं घर आहे, ताई. खाली दोन, वर दोन. एक माणूस आणि चार खोल्या! आणि डोळा माझ्या एकीवर?"

"जिना चढवत नाही मला."

"मग चढू नकोस. खालीच झोपत जा."

"खाली ओल येते."

"ओल काढून देतो. माझ्या ओळखीचा माणूस आहे."

"माकडं येतात."

"जाळी बसवू."

तिच्या प्रत्येक अडचणीवर त्याच्यापाशी उपाय तयार होता. उपाय सांगणारी माणसे अशीच असतात. त्यांच्या हातात उत्तर इतके तयार असते की समोरच्याने प्रश्न कोणता विचारला हे त्यांना ऐकूच येत नाही.

"आणि मुख्य म्हणजे तुझी फोडणी," तो पुढे म्हणाला. "तुझी उदबत्ती. तो धूर तबकडीच्या खोबणीत बसतो. एकदा बसला की निघत नाही."

"मी काय धूर आहे का रे?" बहीण म्हणाली. आवाज चढवायला गेली होती ती, पण तो चढला नाही.

तेवढ्यात दारातून काठी आपटल्याचा आवाज आला.

"चहा टाका कुणीतरी," वृद्धा म्हणाली. "मी उन्हातून आले आहे. भांडण काय, चहा होईपर्यंत थांबेल. नासत नाही ते."

या वृद्धेला गावात सगळे बाई म्हणत. कोणत्याही शाळेत ती कधी शिकवायला नव्हती. पण तिने शिकविलेली विद्या कोणत्या शाळेत होती म्हणून? ती ऐकायला शिकवीत असे. रेडिओच्या दिवसांत तिने गावात एक श्रोता मंडळ काढले होते. संध्याकाळी तिच्या अंगणात मंडळी जमत, मध्ये रेडिओ असे, आणि गाणे संपले की बाई काठीने एकेकाकडे रोखून विचारीत, "मागे काय वाजत होतं?" एखादा भाबडेपणाने म्हणे, "गाणारी फार छान गायली." की बाई उसळत. "छान गाणारच! त्यासाठीच बोलावली होती तिला. मी मागचं विचारते आहे, मागचं!" गाणारा सर्वांना ऐकू येतो, मागचा ऐकू येऊ लागला की मनुष्य श्रोता झाला, असे तिचे मत होते, आणि स्वतःची मते ती उसनी आणीत नसे.

त्या मंडळात हा संग्राहक पोरवयापासून बसत आला होता. सर्वांत तल्लख कान त्याचा. पुढे मंडळातली माणसे कमी होत गेली. काही वारली, काही मुलांमागे शहरात गेली, काहींच्या घरी टीव्ही आला आणि त्यांनी दारे लावून घेतली. शेवटी मंडळात दोघेच उरले. दोघांचे मंडळ होत नाही. तेव्हा बाईंनी रेडिओवर कापड टाकले आणि शिष्य तबकड्या जमवू लागला.

त्याचा छंद जरा निराळा होता, तो सांगितला पाहिजे. घासलेल्या, ओरखडलेल्या जुन्या तबकड्या त्याला नको असत. हल्ली कंपन्या जुन्या ध्वनिफिती तळघरांतून शोधून काढतात, त्यांवरची खरखर पुसतात, आणि जुन्या चित्रपटांचे व टीव्ही मालिकांचे संगीत नव्या तबकड्यांवर पुन्हा छापतात. जाड कव्हर, आत छायाचित्रांची पुस्तिका, तबकडी जड आणि काळीभोर. हा त्या नव्या आवृत्त्या जमवी, आणि प्रत्येकीच्या दोन प्रती घेई: एक वाजवायची आणि एक ठेवायची. ठेवायच्या प्रतीचे पारदर्शक वेष्टन तो कधी फोडीत नसे. ती कधीच ऐकली जाणार नव्हती; तरी ती नसती तर त्याला झोप लागली नसती. ज्यांना हा छंद नाही त्यांनी हसण्याआधी आपल्या घरातले कपबशांचे कपाट उघडून पाहावे. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेला संच कितव्या पाहुण्याला निघाला होता?

त्या दिवशी बाई आल्या होत्या त्या शिष्याच्या निरोपावरून. एका फार जुन्या मालिकेच्या संगीताची नवी तबकडी आली आहे, ऐकायला या, असा निरोप त्याने धाडला होता. नदीकाठच्या एका मोठ्या कुटुंबाची ती मालिका. रविवारी सकाळी लागे. ती पाहिलेली माणसे अजून त्या कुटुंबातल्या सुनांविषयी नात्यातल्या असल्यासारखी बोलतात.

चहा झाला. बहीण कपबशा घेऊन आत गेली आणि मोरीत त्या जरा मोठ्याने विसळू लागली. शिष्याचा चेहरा मात्र खुलला होता. कितीतरी काळाने त्याच्या खोलीत ऐकणारे कुणी आले होते.

"या बाई, इथे बसा." त्याने खोलीतली खुर्ची दाखविली. खोलीत एकच खुर्ची होती. फरशीवर खडूने चार खुणा केल्या होत्या आणि खुर्चीचे पाय बरोबर त्यांवर होते. "दोन्ही स्पीकरांचा आवाज इथे येऊन मिळतो. वीतभर इकडे-तिकडे झालं की बिघडलं."

"मी इथे. मग तू कुठे?"

"मी उभा राहीन."

"आणि ती?" बाईंनी काठीने स्वयंपाकघर दाखविले.

"ताईला यात गोडी नाही."

"विचारलंस कधी?" आतून आवाज आला. पाठोपाठ एक पातेले आदळले.

शिष्याने खिडक्या लावल्या, त्यांवर पडदे ओढले. तबकडी दोन्ही तळहातांमध्ये कडेने धरली, जणू नुकते न्हाऊ घातलेले मूल. मऊ ब्रशने तिच्यावरचा नसलेला कण झाडला. मग सुई अलगद उचलून तबकडीच्या कडेवर न ठेवता जराशी आत ठेवली. बासरी सुरू झाली; मागे अगदी हळू पाण्यासारखे काही वाजत होते.

बाईंनी क्षणभर ऐकले.

"सुरुवात कुठे गेली?"

"कसली?"

"मालिकेची. नावं पडताना वाजायची ती."

शिष्य ओशाळून हसला. "ती मी वगळतो, बाई. खरं सांगू? एवढा मोठा संगीतकार, पण तिथे चुकला. एकच ओळ तीनदा. तीच सनई, तेच स्वर, तिन्हीदा. पुढे इतकं बारीक काम करणारा माणूस सुरुवातीलाच असा खेडवळपणा का करतो कळत नाही. पुस्तिकेत एका समीक्षकाने हेच लिहिलं आहे."

"हा समीक्षक कुठे बसला होता?"

"म्हणजे?"

"ऐकताना. कुठे बसून ऐकत होता?"

"आता ते कसं सांगणार? अशाच एखाद्या खुर्चीत बसला असेल."

"तरीच," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतर त्यांनी जे केले त्याचा अर्थ तेथे कोणालाच लागला नाही. काठीचा आकडा खुर्चीच्या पाठीत अडकवून त्यांनी ती खडूच्या खुणांवरून ओढली आणि फरफटत नेऊन ओट्यावर सोडली. परत येऊन पडदे सारले, खिडक्यांच्या कड्या काढल्या. रस्त्यावरची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत आत आली. शिष्याच्या तोंडातून एक बारीक कण्हणे निघाले.

"बाई, धूळ..."

"चपला घाल. आळीच्या तोंडाशी तो जुना नळ आहे ना, तिथे जाऊन उभा राहा."

"आत्ता? कशाला?"

"ऐकायला. सुई मी ठेवते."

आता मात्र शिष्य आडवा आला. या खोलीत त्याच्याखेरीज कोणी सुईला हात लावलेला नव्हता. "नको बाई, तुमचा हात कापतो. ओरखडा पडला तर..."

"तुला ऐकायला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग सुई ठेवायला तू मला शिकवू नकोस. नीघ."

गुरूची आज्ञा. शिष्याने चपला घातल्या.

आळीच्या तोंडाशी तो नळ होता, म्हणजे नळाचे दगडी टाके होते. घरोघरी पाइप आल्यापासून त्याला पाणी नव्हते. टाक्यात वाळकी पाने साठली होती आणि एका कुत्र्याने त्यांत गोल जागा करून घेतली होती. शिष्य टाक्यापाशी उभा राहिला आणि त्याने आळीकडे पाहिले. रोज तो याच वाटेने भाजी आणायला जात असे, पण पाहत कोण असतो? डावीकडच्या शिंप्याच्या घराला कुलूप होते आणि कुलपाला गंज. पुढच्या घरात भाडेकरू होते. त्यांची नावेही त्याला ठाऊक नव्हती. मास्तरांचे घर पाडून तिथे तीन मजली इमारत झाली होती, तिच्या सर्व खिडक्यांना जाळ्या आणि जाळ्यांच्या आत काचा. मनुष्य एकही नव्हता.

आणि त्या ओसाड आळीतून सनई आली.

लांबून येताना तिच्याबरोबर दुसरे काहीच येत नव्हते. खोलीत ऐकू येणारा तळाचा ढोल वाटेतच गळून पडला होता, झांजा विरल्या होत्या. नुसती सनई, उंच आणि घाईची. ओळ पुरी झाली. कुत्र्याने मान वर केली.

ओळ पुन्हा सुरू झाली. पुन्हा तीच. आणि शिष्याच्या लक्षात आले की आपण टाक्यापाशी नाही. शिंप्याच्या घरापुढे आहोत. केव्हा चालू लागलो ते कळलेच नाही. आता ढोलही येऊन मिळाला. पायांना काहीतरी झाले होते. उतारावर मनुष्य आपोआप झपझप चालतो तसे त्याचे होत होते, आणि आळीला तर उतार मुळीच नव्हता. तिसऱ्यांदा ओळ सुरू झाली तेव्हा सगळी वाद्ये एकदम उठली, आणि हा पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला, निवृत्त मनुष्य चक्क पळू लागला. एका पायातली चप्पल निसटली. तो थांबला नाही. पायऱ्या चढून, उंबरा ओलांडून, धापा टाकीत तो खोलीच्या दारात आला तेव्हा सनईचा शेवटचा स्वर अजून हवेत होता.

खोलीत सतरंजी अंथरली होती. कोठून काढली कोण जाणे. बाई तिच्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बहीण ओल्या हातांनी बाहेर आली होती आणि सतरंजीच्या कडेला, गुडघे पोटाशी घेऊन, अगदी अंग चोरून बसली होती. एवढी मोठी रिकामी सतरंजी, आणि तिने व्यापली होती ती वीतभर.

बाईंनी उठून सुई उचलली.

"का आलास?"

"तुम्हीच तर..."

"मी तुला तिथे उभा राहा म्हटलं. परत ये म्हटलं नव्हतं. का आलास?"

शिष्याने कपाळावरचा घाम पुसला.

"बरं, आलास. पण पळत का? तुझ्याकडे ही तबकडी आहे. एक नाही, दोन आहेत. तुझ्यावाचून सुरू होऊन संपून गेली असती काय? हवी तेव्हा लाव, हवी तेव्हा काढ. आणि एक चप्पल कुठे टाकून आलास, बावळटा?"

शिष्याने पायाकडे पाहिले. मग तो खाली, दारातच, बसला.

तेव्हा बाई बोलू लागल्या. त्या फार बोलल्या नाहीत. त्यांना बोलणे फुकट घालविण्याचा तिटकारा होता.

"ऐक. संगीत दोन प्रकारचं असतं. एक आलेल्या माणसांसाठी, एक यायच्या माणसांसाठी. तुझी बासरी, तुझं ते पाण्यासारखं बारीक काम, ते आलेल्यांसाठी. माणूस येऊन बसला, पदर सावरला, पोर मांडीवर घेतलं, की मग त्याला बारीक ऐकू येतं. पण तो येऊन बसणार केव्हा? रविवारची सकाळ. बायका नळावर. पुरुषांच्या अर्ध्या गालाला साबण. म्हातारी देवापुढे, पोरं रस्त्यावर. आणि सबंध आळीत टीव्ही एकच, तुझ्या बापाने आणलेला, या खोलीत. धून करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने ती ओळ तीनदा घातली. पहिली, नळावरच्यांनी हंडा खाली ठेवावा म्हणून. दुसरी, त्यांनी आळी ओलांडावी म्हणून. तिसरी, त्यांनी दाटीवाटीने बसावं म्हणून. ती ओळ हे गाणं नव्हेच, ती हाक आहे. हाक का कुणी एकदाच मारतं? आणि हाक मारणाऱ्याला कुणी विचारतं का, बाबा, तेच नाव पुन्हा का घेतलंस? तू तिला खुर्चीत बसून ऐकलंस. जो आधीच येऊन बसला आहे त्याला हाक म्हणजे कटकटच वाटणार. म्हणून तुला त्या थोर माणसाची चूक दिसली. चूक त्याची नव्हती, तुझ्या बसण्याची होती."

बाहेर एक रिक्षा गेली आणि तिची धूळ खिडकीतून आली. या वेळी शिष्य कण्हला नाही.

"तू कुठून ऐकायचीस गं, पमे?" बाईंनी बहिणीला विचारले.

"गच्चीवरून," ती म्हणाली. "अँटेना धरायला मलाच चढवायचे. मी वरून ओरडायची, आली का? खालून सगळे ओरडायचे, आली, आली, हलू नकोस! मग धून सुरू झाली की मी खाली धावायची. तोवर इथे मुंगीला जागा नसायची. पण हा..." ती हसली, आणि हसल्यावर तिचा चेहरा एकाएकी फार दमलेला दिसला. "हा माझ्या जागेवर आडवा पडून असायचा. सरळ आडवा, हातपाय पसरून. लोक लाथा घालायचे, शिव्या द्यायचे, मास्तर कान पिळायचे. हा उठायचा नाही. मी आले की मगच."

"मला आठवत नाही," शिष्य म्हणाला. पण त्याचा हात कानाकडे गेला होता.

एखादा प्रवचनकार येथे कथा संपवील. गुरूने सांगितले, शिष्याला पटले, त्याने तबकड्या आवरल्या आणि बहिणीला खोली दिली. टाळ्या. पण माणसे अशी पटकन शहाणी होत नाहीत. होत असती तर जगात प्रवचनांची गरज केव्हाच संपली असती. शिष्याने फरशीवरच्या खडूच्या खुणांकडे पाहिले आणि मग तो जे बोलला ते त्याने आजवर कोणाजवळच काढले नव्हते.

"बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. ती हाक असेल. पण आत्ता तुम्ही ती मारलीत तेव्हा आळीत मी होतो. मी पाहिलं. एक दार उघडलं नाही. एका खिडकीचा पडदा हलला नाही. एका कुत्र्याने काय ती मान वर केली, तेवढंच." त्याने उघड्या खिडकीकडे पाहिले. "खिडक्या मी धुळीसाठी लावतो असं सगळ्यांना सांगतो. धूळ काय, पुसता येते. पहिली तबकडी आणली ना, तेव्हा मी सगळं उघडं ठेवूनच लावली होती. मोठ्याने. चहाचं आधणही ठेवलं होतं मोठ्या पातेल्यात. कुणी आलं नाही. एवढंच की समोरच्या भाडेकरूने आवाज कमी करायला सांगितलं. तेव्हापासून लावून घेतो. बंद ठेवलं की कुणी येत नाही हे दिसत नाही. तुम्ही मला आज नळापर्यंत पाठवून ते दाखवलंत. आता ते कळून मी काय करू, तेवढं सांगा."

ज्यांनी आयुष्यभर गावाला उत्तरे दिली त्यांना त्या दिवशी उत्तर सुचले नाही, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्यांच्याही घरी रेडिओवर कापड टाकलेले होते आणि त्या घरातही चहा एकाच कपाचा होत असे. शहाणपण हे दिव्यासारखे असते असे आपण म्हणतो. पण दिव्याने खोली दिसते, भरत नाही.

मग बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात धार नव्हती, "माझ्याकडे नाही बघायचं, शिरीष. हिच्याकडे बघ. हाक न मारता कोण आलंय ते बघ."

"ती जिन्याला कंटाळून आली आहे, बाई," शिष्य थकून म्हणाला. "तिला माझी नाही, खोलीची गरज आहे. चार खोल्या असून हिला पाचवी हवी. बरोबर आहे की नाही, ताई? तूच सांग. जिना, ओल, माकडं. उद्या मी तिन्हींचा बंदोबस्त केला तर तू परत जाशील की नाही?"

बहीण उठून उभी राहिली. तिने ओले हात पदराला पुसले. ती स्वयंपाकघराकडे निघाली, दारापर्यंत गेली, थांबली. मानी बाई होती ती. नवरा गेल्यावर तेराव्यालाही ती कोणापुढे रडली नव्हती. मुलगा परदेशातून फोन करी तेव्हा सगळे उत्तम आहे असे ठणकावून सांगे. गरज सांगायची तर ती जिन्याची सांगावी, ओलीची सांगावी, माकडांची सांगावी. स्वतःची सांगू नये, असे तिने आयुष्यभर पाळले होते. आपल्यात पुष्कळ बायका असे पाळतात, आणि आपण त्यांना जाळ्या बसवून देतो.

"पमे," बाई म्हणाल्या, "खरं सांग गं. माकडांवर नको ढकलूस."

बहीण वळली नाही. पाठमोरीच उभी राहून, चौकटीवर हात टेकून ती बोलली.

"खोल्या माझ्याकडे रगड आहेत रे शिऱ्या, 'जरा सरक' म्हणणारं कुणी नाही."